माडांच्या शेंड्याखालून: घर-जागेच्या ड्रोन चित्रणाबद्दल वाचकांचे प्रश्न

घर, फ्लॅट किंवा प्लॉट विकण्यासाठी, भाड्याने देण्यासाठी ड्रोनने फोटो-व्हिडिओ काढणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच विषयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

माझा भाऊ कुवेतला असतो. चतुर्थीला येताना २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घेऊन येतो म्हणतो. मी घर-जागांचा ब्रोकर आहे. एवढ्या हलक्या ड्रोनला कसलाच परवाना लागत नाही, हे खरे का?
– एक वाचक, म्हापसा

आधी भावाला फोन करा आणि ड्रोन आणू नको म्हणून सांगा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन भारतात आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांसाठीच अपवाद आहे. सुटे भाग आणता येतात, पण सुट्या भागांचा अख्खा संच म्हणून ड्रोन आणणे त्यात बसत नाही. विमानतळावर कस्टम्सने तो अडवला तर भावाची सुट्टी त्यातच जाईल.

आता वजनाचे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्याच्यावर २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रोलाही ते लागत नाही, पण फक्त हौसेखातर उडवणार असाल तर. विक्रीच्या जाहिरातीसाठी घराचा फोटो काढणे हा धंदा झाला, मग त्या उड्डाणाचे वेगळे पैसे घेतले असोत वा नसोत. मायक्रो ड्रोनने हे काम करायचे तर सर्टिफिकेट हवेच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. ते दहा वर्षे चालते. मायक्रोला थर्ड पार्टी विमाही सक्तीचा आहे. ड्रोनची नोंदणी करून मिळणारा क्रमांक, म्हणजे यूआयएन, हा पायलटच्या कागदापेक्षा वेगळा. एक आहे म्हणून दुसरा नको, असे होत नाही.

वजन म्हणजे उडतानाचे सगळे वजन. काही मॉडेलांना जादा क्षमतेची बॅटरी घातली की २४९ ग्रॅमचा ड्रोन २९० च्या आसपास जातो. पंख्यांचे गार्ड, फिल्टर, वर चिकटवलेला दिवा हे सगळे त्यात धरायचे. ड्रोन आहे तसा तयार करून चांगल्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहा.

हलका असो वा जड, हवाई क्षेत्राचे नियम सगळ्यांना सारखेच. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर, परवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्यात पूर्वी एकट्या दाबोळीचा विचार करावा लागे. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्याचाही बराच भाग या वर्तुळांत आला आहे. म्हापसा, आसगाव, शिवोली ही गावे दोन्ही विमानतळांपासून १२ किलोमीटरच्या बाहेर पडतात, पण तेवढ्यावर जाऊ नका. मोठा पाहुणा येणार असला, मोठा कार्यक्रम असला की तात्पुरती बंदी येते. ज्या दिवशी उडवायचे त्याच दिवशी सकाळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून पाहायचा आणि परिसराच्या पोलीस स्टेशनला एक फोन करायचा.

महिन्याला एक-दोन घरांचेच काम असेल तर आमचा सल्ला स्वतः ड्रोन न घेण्याचा. सर्टिफिकेट असलेल्या माणसाला बोलवा आणि काम ठरवण्याआधी त्याच्याकडून यूआयएन, सर्टिफिकेट आणि विमा हे तीन कागद मागून घ्या.

चिखलीतला फ्लॅट विकायचा आहे. गिऱ्हाईक म्हणते, गच्चीवरून पाच मिनिटे ड्रोन उडवून झुवारी दाखवा. फक्त गच्चीच्या उंचीपर्यंत उडवला तर?
– एक वाचक, वास्को

नाही. चिखली दाबोळीच्या कुशीत आहे, आणि दाबोळीचा तळ नौदलाचा आहे. तिथे पाच मीटर काय आणि पन्नास मीटर काय. वास्को, बोगमाळो, चिखली या भागात ड्रोनचा विचारच सोडा. दोनापावला आणि बांबोळीही दाबोळीपासून १२ किलोमीटरच्या आत येतात, हे पणजीकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

नदी दाखवायला दुसरा मार्ग आहे. रंगकाम करणाऱ्यांकडे असतो तसा ओढून लांब करता येणारा दांडा घ्या, टोकाला मोबाइल किंवा लहान ॲक्शन कॅमेरा घट्ट बांधा आणि गच्चीच्या कठड्याच्या आतून सरळ वर करा. दुसरा माणूस फोनवर चित्र बघून कधी थांबायचे ते सांगेल. कठड्यावरून चार-पाच मीटर उंची मिळाली तरी समोरच्या टाक्या आणि पत्रे खाली जातात. वाऱ्यात दांडा हलतो म्हणून सकाळी लवकर करा, आणि आजूबाजूच्या विजेच्या तारा आधी नीट बघून घ्या.

आमच्या आजोबांचे जुने घर विकायला काढले आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, पुढे बाल्कांव म्हणजे खांबांची पडवी, मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक. ड्रोनने शंभर मीटरवरून फोटो काढले, पण घर गूगलच्या नकाशातल्यासारखे दिसते. काय चुकले?
– एक वाचक, साळगाव

उंची चुकली. पत्रे पाठवणाऱ्या बहुतेकांची तीच चुकते. ड्रोन वर जातो म्हणून तो वर न्यायचाच, असे वाटते. हिशेब करून पाहा. बहुतेक ड्रोनची लेन्स अशी असते, की १०० मीटर अंतरावरून फोटोत सुमारे १४४ मीटर रुंदी मावते. तुमचे घर २० मीटर रुंद असेल तर ते फोटोच्या सातव्या हिश्श्याएवढे झाले. उरलेल्या सहा हिश्श्यांत शेजाऱ्यांचे पत्रे, रस्ता आणि माडांची डोकी.

घराची ओळख होते ती ८ ते १२ मीटर उंचीवर. ड्रोन समोर १५ ते २५ मीटर लांब ठेवून, कॅमेरा १० ते २० अंश खाली झुकवा. या उंचीवर कौलांची उतरण दिसते, बाल्कांवचे खांब आणि बसायचे सोपे दिसतात, दाराची महिरपही दिसते. भिंत आणि छप्पर दोन्ही एका नजरेत येतात, आणि माणसाच्या मनात घर उभे राहते. याहून वर गेलात की कौलेच कौले. त्याच जागेवरून चार-पाच मीटरवर, शिडीच्या उंचीवर, एक फोटो जरूर घ्या. जाहिरातीत पहिला फोटो म्हणून तोच बहुधा चालतो, कारण फाटकातून आत शिरताना दिसणाऱ्या दृश्याच्या तो सर्वांत जवळचा असतो. थेट समोरून घेण्यापेक्षा कोपऱ्याकडून घ्या. दोन भिंती दिसल्या की घराची खोली कळते.

भोवती जुने माड १५–२० मीटरचे असतील. त्यांच्या शेंड्यांच्या बरोबरीने ड्रोन ठेवला तर झावळ्या घरावर येतात, आणि वर गेलात तर घर हिरव्याखाली बुडते. म्हणून माडांच्या खोडांमधून, शेंड्यांखालून बघता येईल अशी मोकळी फट आधी पायी चालत शोधा. ती सापडली की निम्मे काम झाले.

राजांगणासाठी मात्र थेट वर जायचे. कॅमेरा सरळ खाली, ९० अंश, उंची २० ते २५ मीटर. चारी बाजूंची कौले आणि मध्ये तुळशीवृंदावन असा चौक दुसऱ्या कुठल्याच कोनातून दिसत नाही, आणि जुन्या घराला गिऱ्हाईक मिळते ते अशाच फोटोने. हा फोटो दुपारी साडेबाराच्या सुमारास घ्या. सूर्य माथ्यावर येतो तो गोव्यात घड्याळाच्या बारापेक्षा अर्धा तास उशिरा, आणि तेव्हाच चौकाच्या तळापर्यंत ऊन पोचते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तळाचा एक भाग सावलीतच राहतो. त्यासाठी एप्रिल-मे बरा. पोहण्याच्या तलावालाही हीच वेळ, माथ्यावरच्या उन्हात पाणी निळे दिसते.

बाकी सगळे फोटो सकाळ-संध्याकाळचे. पूर्वाभिमुख घर साडेसात ते नऊ, पश्चिमाभिमुख चार ते साडेपाच. उत्तरेकडे तोंड असलेल्या घराचा प्रश्न अवघड असतो. वर्षातले निम्मे महिने दर्शनी भिंतीवर ऊन पडतच नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मात्र गोव्यात मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन त्या भिंतीवर तिरके येते. पाऊस लागायच्या आधीचा मे महिना त्यासाठी राखून ठेवा. इतर वेळी पातळ ढगांचा दिवस निवडा, म्हणजे निदान काळी सावली तरी पडणार नाही. सर्वसाधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा काळ नाही: हवा धुतलेली, परिसर हिरवा. कौलांवरचे शेवाळ मात्र तोपर्यंत काढून घेतलेले असावे.

कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर ठेवू नका. लाल चिरा आणि लाल कौले फ्रेममध्ये कमी-जास्त होतात तसा कॅमेरा रंग बदलत जातो आणि दहा फोटोंत चिऱ्याचे दहा रंग येतात. उन्हात ५५०० केल्विनच्या आसपास पक्का ठेवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा आणि एक्सपोजर पांढऱ्या चुन्याच्या भिंतीला धरून ठेवा. बाल्कांवच्या आतला काळोख नंतर उजळता येतो, जळालेली भिंत परत येत नाही. एका जागेवरून ५ फोटोंचे ब्रॅकेटिंग, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो नंतर जोडायला, घेतले तर आणखी बरे, पण वारा असेल तर झावळ्या प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात आणि जोडल्यावर भुतासारख्या दिसतात.

उडवण्याआधी छपराकडे वरून दिसेल तसे बघा: निळी ताडपत्री, झाकण नसलेली काळी टाकी, फुटके कौल, वाळत घातलेले कपडे, अंगणातल्या गाड्या. खालून यातले काही खटकत नाही, वरून तेच आधी दिसते.

व्हिडिओ धक्के खात असल्यासारखा दिसतो. कधी फ्रेमच्या वरच्या भागात काळ्या रेघा पळतात. संध्याकाळी दिवे लावून घेतलेल्या क्लिपमध्ये दिवे लुकलुकतात. ड्रोन सर्व्हिसला द्यावा का?
– एक वाचक, मडगाव

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, सर्व्हिसला द्यायची घाई नको.

धक्क्यांचे कारण शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ मिळतो ते. २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० सेकंद हवे, म्हणजे हलत्या गोष्टींना थोडा पुसटपणा येतो आणि चाल मऊ दिसते. गोव्याच्या भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० आणि एफ (लेन्सचे छिद्र) २.८ ला शटर १/३२०० च्या घरात जाते. प्रत्येक फ्रेम चाकूने कापल्यासारखी येते आणि डोळ्याला ठेच लागते. ३२०० वरून ५० वर यायला प्रकाश ६ स्टॉप, म्हणजे सहा वेळा निम्मा करत, कमी करावा लागतो, त्यासाठी एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच. लहान ड्रोनमध्ये लेन्स एफ १.७ ची असते, तिला आणखी जवळजवळ दीड स्टॉप, म्हणजे एनडी १२८ किंवा २५६. सकाळी-संध्याकाळी ८ किंवा १६ पुरतो. फिल्टर ड्रोन बंद असताना लावा. चालू ड्रोनवर गिंबलला, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या बैठकीला, जोर दिला तर त्याची मोटर बिघडते. फोटोंना एनडी नको, काढून ठेवा.

शटर बरोबर असूनही धक्के असतील तर दोन गोष्टी पाहा. मोबाइलच्या ३० फ्रेमच्या क्लिप आणि ड्रोनच्या २५ च्या एकाच टाइमलाइनवर घातल्या आहेत का? नाही तर तुम्ही फार वेगाने वळवता आहात. एखादा खांब फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किमान सात सेकंद लागावेत. सिने मोड, म्हणजे ड्रोन सावकाश चालवणारी सेटिंग, लावा, गिंबलचा वेग कमी करा. घराभोवती २० मीटर त्रिज्येने फिरायचे तर वेग सेकंदाला दीड मीटर ठेवा. पूर्ण फेरीला ८४ सेकंद लागतील, पण पाव फेरी पुरेशी असते. बटण दाबल्यापासून पाच सेकंद स्थिर, मग हालचाल, मग पुन्हा पाच सेकंद स्थिर. हे न केल्याने संकलनात कापायला जागा राहत नाही.

काळ्या रेघा ही पंख्यांची सावली. सूर्य समोर आणि थोडा वर असला की पाती लेन्सवर सावली टाकतात. ड्रोन २०–३० अंश वळवा किंवा कॅमेरा थोडा खाली करा, रेघा जातील. चित्र जेलीसारखे थरथरत असेल तर ते वेगळे: पात्याला टवका गेला आहे का ते नखाने चाचपून बघा आणि जोडीने बदला.

दिव्यांचे लुकलुकणे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेमुळे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की ते थांबते. काही स्वस्त एलईडी पट्ट्या तरीही लुकलुकतात, त्या बंदच ठेवा.

रीलसाठी उभा व्हिडिओ हवा असेल तर फोरकेमध्ये आडवाच घ्या आणि घर मध्यभागी ठेवा. त्यातून १२१५ बाय २१६० ची उभी पट्टी निघते, फोनला ती भरपूर झाली. १०० एमबीपीएसला मिनिटाला साधारण ७५० एमबी जागा जाते. मेमरी कार्ड व्ही ३० या वेगाच्या दर्जाखालचे घेऊ नका.

डिचोलीजवळ सड्याच्या उतारावर १००० चौरस मीटरचा प्लॉट आहे. वरून फोटो काढून त्यावर लाल रेघेने हद्द दाखवायची आहे. कशी?
– एक वाचक, डिचोली

ड्रोनच्या जीपीएसवर हद्द आखू नका. त्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि प्लॉटच्या बाबतीत दोन मीटर म्हणजे शेजाऱ्याशी भांडण. सर्व्हे प्लॅन हातात घेऊन हद्दीचे दगड शोधा, सापडत नसतील तर सर्व्हेयरला बोलवा. प्रत्येक दगडावर ६० सेंटिमीटरची पांढरी कापडी फुली किंवा चुन्याची फुली करा. ४० मीटरवरून सरळ खाली घेतलेल्या फोटोत सुमारे ५८ बाय ४३ मीटर जागा मावते, आणि ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ती फुली चाळीसेक पिक्सेलची येते. रेघ या फुल्या जोडून ओढायची.

उतारावरची गोम अशी, की पडद्यावर दिसणारी उंची ही जिथून उडवला त्या जागेपासूनची असते. पायथ्याशी उडवून ४० मीटरवर नेला आणि प्लॉटची वरची कड १५ मीटर उंच असली, तर तिथे ड्रोन जमिनीपासून फक्त २५ मीटरवर आहे. वरची कड मोठी दिसते, खालची लहान, आणि मधल्या झाडांना धडकायचीही भीती. म्हणून वरच्या कडेवरून उडवा. फोटोवरून क्षेत्रफळ मोजू नका, आणि रेघेखाली 'हद्द अंदाजे' असे स्पष्ट लिहा. एक फोटो तिरका, बाजूने, चढ दिसेल असा जरूर घ्या. सरळ वरून सगळे सपाट दिसते आणि बघायला आलेला माणूस चढ पाहून परत जातो.

गच्चीवरून उडवताना कंपासची सूचना येते. तलावावर नेला की ड्रोन आपोआप सरकतो. आणि घारी मागे लागतात. काय करावे?
– एक वाचक, कांदोळी

गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, त्याने कंपास फसतो. गाडीचे बॉनेट, गटाराचे लोखंडी झाकण हेही तसेच. मोकळ्या जमिनीवर पॅड अंथरून उडवा, वाळूवर तर पॅडशिवाय नकोच, मोटरमध्ये वाळू जाते. दोन मीटरवर अर्धा मिनिट थांबवून बघा. ड्रोन एका जागी न थांबता गोल-गोल घिरट्या घालू लागला तर कंपास बिघडलाय, लगेच उतरवा.

तलावावर सरकण्याचे कारण पोटाखालचे कॅमेरे. ते जमिनीवरच्या खुणा बघून जागा धरतात, आणि चमकत्या, हलत्या पाण्यात त्यांना खुणा सापडत नाहीत. पाण्यावर पाच मीटरच्या खाली येऊ नका. तसेच अडथळा ओळखणारे सेन्सर विजेच्या तारा आणि झावळीची बारीक टोके ओळखतील असे धरून चालू नका. परतीची उंची, रिटर्न टू होम, ४० ते ५० मीटरवर लावा, पण झाडाखाली असताना ते बटण दाबू नका. ड्रोन आधी सरळ वर जातो.

घारी मासळी उतरवायच्या जागी जास्त असतात: मालीम, कुटबण, शापोरा. घार झेपावली तर खाली पळवू नका, तिथे ती तुमच्यापेक्षा वेगवान आहे. सरळ वर न्या, मर्यादा सांभाळून, आणि मग लांबून वळसा घेऊन उतरवा. दुसऱ्यांदा आली तर त्या दिवशीचे काम थांबवा. पिल्लांच्या दिवसांत ती घरट्याची राखण करत असते, तिला त्रास नको.

समुद्राकाठी लेन्सवर वाफ येते. बॅटरीही लवकर फुगली.
– एक वाचक, बाणावली

वाफ येते ती एसी गाडीतून थेट दमट हवेत काढल्याने. पेटी बंदच ठेवून १५–२० मिनिटे सावलीत राहू द्या, मग उघडा. खाऱ्या हवेत उडवल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने अंग पुसा, लेन्स वेगळ्या कापडाने. समुद्रावरून वारा दुपारी वाढतो, काम सकाळी उरका. जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा मदतीला असतो. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरा. बॅटरी पूर्ण भरून गाडीत ठेवणे हे फुगण्याचे मोठे कारण. दोन-तीन दिवस उडवायचे नसेल तर ६० टक्क्यांवर आणून घरात ठेवा. फुगलेली पुन्हा कधीच लावू नका.

बिल्डर म्हणतो, व्हिडिओतून शेजारची हाय-टेन्शन लाइन पुसून टाका, आणि मागे समुद्र जवळ दिसेल असे करा. करावे का?
– एक वाचक, पर्वरी

करू नका. अंगणातली गाडी, कचऱ्याची पिशवी, गवतावरची वाळकी झावळी पुसा, ती उद्या तिथे नसणार. वीजवाहिनी, मोबाइल टॉवर, शेजारची इमारत उद्याही तिथेच असणार. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या रेरा कायदा २०१६ च्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर रेरा क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता असावा लागतो, तुमच्या व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवरही तो घाला. समुद्र जवळ भासवायला झूम लेन्सने दृश्य दाबण्यापेक्षा ६० मीटरवरून साध्या लेन्सने एक क्लिप घ्या, प्रकल्पाच्या फाटकापासून सुरू करून हळूहळू किनाऱ्याकडे वळा, आणि पडद्यावर रस्त्याने मोजलेले अंतर लिहा. खाजनाकाठची (खाऱ्या पाण्याला बांध घातलेल्या शेतजमिनीकाठची) किंवा नदीकाठची जागा असेल तर भरती आणि ओहोटी दोन्ही वेळांचे फोटो द्या. ओहोटीचा चिखल बघून ज्याला जागा नको असेल, त्याला ती भरतीच्या फोटोवर विकू नका.